पावसाचा भरवसा आणि शेतकऱ्याचे मन

वैशाख सरत आला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दरसाल एकच असतो. बियाणे, खते, बाजारभाव यांविषयीची विचारपूस त्यांत असतेच; परंतु बहुतेक पत्रांच्या अखेरीस एक मागणी असते ती अशी की, मासिकाने येत्या हंगामाच्या पेरणीची तारीख एकदाची ठामपणे छापावी. एका वृद्ध सभासदांनी तर, तारीख चुकली तरी आपली तक्रार नाही, मन एका जागी बसले म्हणजे पुरे, असे मोकळेपणाने कळविले आहे. या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आले आहे असे आम्हांस वाटते. तारीख हवी आहे ती शेताकरिता नव्हे, मनाकरिता हवी आहे. आम्ही ती छापणार नाही. मागणी करणारे आमचेच सभासद आहेत व त्यांची अडचण खोटी नाही, म्हणून नकाराची कारणे सविस्तर मांडणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम ही गोष्ट ध्यानात घ्यावी की, पावसाविषयीचे आपले अज्ञान हे कोणाच्या आळसाचे फळ नव्हे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर पावसाचे आगाऊ अनुमान करता येईल काय, असा प्रश्न तत्कालीन सरकारने हवामान खात्यापुढे टाकला. खाते तेव्हा नवेच, १८७५ साली स्थापन झालेले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी असा विचार केला की, हिमालयावर वसंत ऋतूत बर्फ अधिक साचले म्हणजे मैदानात पाऊस कमी पडत असावा. आणि त्या आधारावर १८८६ च्या जून महिन्यात साऱ्या देशाचा पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागून आलेल्या एलियट यांनी हिंदी महासागर व ऑस्ट्रेलिया यांकडील हवेचाही हिशेब त्यात धरला. १८९९ साली त्यांचा अंदाज पाऊस चांगला होईल असा होता. प्रत्यक्षात त्या साली जे झाले ते पुढे कित्येक पिढ्यांच्या बोलण्यात राहिले. गुजरात-राजस्थानाकडे त्यास छपन्नाचा दुष्काळ म्हणतात, आणि आपल्याकडेही त्याने माणसे व जनावरे यांचा अतोनात संहार केला.

१९०४ साली खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती आली. हे गृहस्थ मूळचे केंब्रिजचे नामांकित गणिती. बूमरँग नावाचे जे फेकीचे हत्यार फिरून परत येते, त्याच्या गतीचे गणित मांडण्याचा त्यांस मोठा नाद होता. हवेत फेकलेले लाकूड कोठे येऊन पडेल हे ज्याला सांगता येते त्याला ढग कोठे पडेल हेही सांगता यावे, अशी अपेक्षा कोणी केली असल्यास ती स्वाभाविक म्हटली पाहिजे. वॉकर यांनी वीस वर्षे जगभरच्या वायुभाराचे आकडे जमविले, आणि प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, हा महत्त्वाचा शोध लावला. आजचे सारे हंगामी अंदाज त्या शोधाच्या पायावर उभे आहेत. परंतु आम्हांस वॉकर यांच्याविषयी आदर वाटतो तो या शोधापेक्षाही दुसऱ्या एका गोष्टीसाठी. हंगामी अनुमानास त्यांनी ‘भाकीत’ अशा अर्थाचा शब्द न वापरता ‘पूर्वछाया’ अशा अर्थाचा अधिक नम्र शब्द पसंत केला. छाया पाहून कोणी येत आहे एवढे कळते. तो कोण व किती वाजता पोहोचेल हे कळत नाही.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी साधने पुष्कळ वाढली, पण छायेची छायाच राहिली. प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळील पाणी नेहमीहून अधिक तापते, त्या स्थितीस एल निनो म्हणतात. अशा साली आपल्याकडे पाऊस कमी होण्याचा संभव वाढतो. १९९७ साली हा एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळांपैकी एक होता. देशाचा पाऊस मात्र सरासरीहून किंचित अधिकच पडला. उलट २००२ साली तो मध्यम प्रतीचा होता, खात्याचे गणित पाऊस सरासरीइतका होईल असे सांगत होते, आणि जुलै महिन्यात देशभर निम्म्याच्या आसपास पाऊस पडून हंगाम एकोणीस टक्क्यांनी तुटला. तत्पूर्वीची बारा-तेरा वर्षे पाऊस सरासरीपासून फारसा दूर गेला नव्हता, म्हणून ‘सरासरीइतका होईल’ असे सांगणारे गणित बिनचूक वाटत होते, हेही येथे नमूद करून ठेवावे. चांगल्या सालांत प्रत्येक ज्योतिषी शहाणा असतो. २००२ नंतर खात्याने आपली रीत बदलली व एका आकड्यासोबत, पाऊस कमी, साधारण वा अधिक होण्याचा संभव किती, हेही ते सांगू लागले. कित्येकांस हा खात्याचा पळपुटेपणा वाटला. आमचे मत नेमके उलट आहे. आपल्याला काय माहीत नाही, ते किती माहीत नाही, हे आकड्यांत सांगणे यात अधिक प्रामाणिकपणा आहे.

हे अज्ञान अधिक यंत्रे आणली म्हणजे पुरते नाहीसे होईल, अशीही आशा कोणी बाळगू नये. एडवर्ड लोरेंझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली गणकयंत्रावर हवामानाचा एक हिशेब पुन्हा चालविताना ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. फरक नाममात्र, परंतु थोड्याच अवधीत दोन्ही हिशेबांतील हवामान एकमेकांस ओळखीचेही राहिले नाही. त्यावरून त्याने १९६३ साली जो सिद्धांत मांडला त्याचा मथितार्थ असा की, आकाशाची आजची स्थिती कितीही बारकाईने मोजली तरी मोजण्यात उरलेली रतीभर चूक वाढत जाते, आणि सुमारे दोन आठवड्यांपलीकडे कोणत्या दिवशी कोठे पाऊस पडेल हे सांगणे शक्य राहत नाही. म्हणजे वैशाखात बसून मृगाच्या पेरणीची तारीख सांगणे हे आमच्याच काय, कोणाच्याच आवाक्यातील काम नव्हे.

शिवाय देशाची सरासरी म्हणजे आपले शेत नव्हे. देशाचा हंगामी पाऊस सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात. आता आपला एक सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरी वर्षास साडेपाचशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, घाट उतरून वाईस यावे तो शंभराच्या आत, आणि माणदेशात पन्नासाच्या आसपास. सत्याऐंशीचा आकडा यांपैकी कोणाच्या बांधावर नेऊन लावावयाचा?

हे सर्व आमच्या वाचकांस थोडेफार ठाऊक आहेच. तरीही तारीख हवी असते, कारण न कळण्याचा भार मोठा असतो. घरात बियाणे आणून ठेवलेले असते, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज दिवसागणिक चढत असते, आणि आभाळ भरून येऊन रिकामे परत जात असते. हा भार टाकून देण्याचे दोन मार्ग माणसाने पूर्वीपासून काढले आहेत. एक म्हणजे कोणाकडून तरी खात्री विकत घेणे. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव हे पाहावयाचे, किंवा सांप्रतच्या काळी मोबाइलवर फिरणारा, दिवस व तालुका यांसह लिहिलेला, कोणी केला हे न कळणारा अंदाज खरा मानावयाचा. वाहन पाहणाऱ्यांची थट्टा आम्ही करणार नाही. ज्यांना दुसरे काहीच नव्हते त्यांस बेडकाने धीर दिला असेल. मोबाइलवरील अंदाजाला मात्र ही सवलत देण्याची आमची तयारी नाही. दुसरा मार्ग म्हणजे, जे व्हावयाचे असेल ते होईल, असे म्हणून हात झाडून मोकळे होणे. लोक या दुसऱ्यास वैराग्य म्हणतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात. दोहोंतही पुढचा विचार करण्याचे काम थांबते.

खात्रीच्या या हव्यासाने गावात एक मोठा अन्याय होतो, आणि त्याविषयी लिहिणे आम्हांस पावसापेक्षाही अगत्याचे वाटते. बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी समजा. एकाने पावसाआधीच कपाशीची धूळपेरणी केली. दुसऱ्याने वीतभर ओल होईपर्यंत वाट पाहिली, मग पेरले, आणि पेरल्यावर तीन आठवडे पावसाने तोंड दाखविले नाही. पहिल्याच्या शेतावर नेमक्या दिवशी सर आली व पीक हाती लागले. पारावर पहिला शहाणा ठरतो व दुसरा मूर्ख. वास्तविक दुसऱ्याचा निर्णय सर्व दृष्टींनी विचाराचा होता व पहिल्याचा केवळ फळला. पुढील साली गाव पहिल्याचे अनुकरण करते आणि फसते. फळ पाहून निर्णयाची किंमत ठरविण्याची ही खोड आपल्या हाडांत इतकी मुरली आहे की, चांगला विचार करूनही नुकसान होऊ शकते, हे वाक्य कोणी मोठ्याने उच्चारीत नाही.

जो दुसरा शेतकरी, त्याच्या घरात काय चालते याचाही विचार व्हावा. दुबार पेरणीचा खर्च हे त्याचे एक दुःख. परंतु आपण चुकलो, आपल्याला कळावयास हवे होते, शेजाऱ्याला कळले व आपल्याला कळले नाही, हे दुसरे दुःख तो कोणास सांगत नाही. बायकोला सांगत नाही, थोरल्या भावाला सांगत नाही. पाऊस न कळणे हा जणू त्याचा वैयक्तिक दोष. कर्त्या माणसाने जीव दिल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. त्यांची कारणे अनेक असतात. कर्ज, भाव, आजारपण, घरातील गोष्टी, आणि त्या साऱ्यांना एका सुतात ओवणे हे आम्ही योग्य समजत नाही. तरी ज्या माणसाला जे कोणालाच कळणे शक्य नव्हते ते न कळल्याचा अपराध स्वतःवर घ्यावा लागतो, त्याच्या पाठीवरचा भार गावाला थोडा हलका करता येतो, एवढे आम्ही निश्चयाने म्हणतो. पेरणी फसलेल्याच्या ओटीवर जाऊन बसावे, आणि तुझ्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेव्हाच पेरले असते, हे खरे असेल तर त्याला सांगावे. सभा-संमेलनांपेक्षा याचा उपयोग अधिक होईल.

आता अनिश्चितता स्वीकारावी असे आम्ही म्हणतो तेव्हा तिचा अर्थ काय? शेती म्हणजे पावसावरील जुगार असे म्हणण्याची रूढी आहे. ती आम्हांस मान्य नाही. जुगारी एका पानावर सर्वस्व लावतो, आणि पान उघडण्याची वाट पाहतो. आपल्या वाडवडिलांनी नेमके याच्या उलट केले. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ त्यांनी टाकली ती शोभेसाठी नव्हे. बाजरी अडीच-तीन महिन्यांत निघते, तूर खोल मुळे सोडून उभी राहते व परतीच्या पावसाचा लाभ घेते. आरंभीचा पाऊस दगा देवो की मधला, दोहोंपैकी काही तरी घरी येते. दोन्ही पावसांनी साथ दिली तर नुसत्या एका पिकाने जे कमाल उत्पन्न आले असते त्याहून कधी थोडे कमी येईल. ते कमी आलेले उत्पन्न म्हणजे न कळणाऱ्या पावसासाठी दिलेली किंमत होय, आणि ती त्यांनी समजून-उमजून दिली. कोठारात एका सालापुरती जास्तीची ज्वारी, कडब्याची एक गंजी न मोडता पुढल्या सालासाठी ठेवणे, जमिनीचा एखादा तुकडा रब्बीसाठी राखणे, हे सारे त्याच जातीचे शहाणपण. त्यांना पाऊस कळत नव्हता, आणि आपल्याला तो कळत नाही हे त्यांना पुरते कळत होते.

शास्त्रानेही पुढे हीच वाट धरली. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले तेव्हा तेथे पाऊस वाढविण्याचा विचार झाला नाही. पडेल तेवढा पाऊस जमिनीत कसा मुरवावा, ताली-बांध कसे घालावे, पेर किती विरळ ठेवावी, यांचा झाला. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली माळदांडी ३५-१ ही शाळू ज्वारी आजतागायत टिकून आहे ती अवर्षणातही काही ना काही पदरात टाकते म्हणून. फार पाऊस झालेल्या साली विक्रमी उतारा देते म्हणून नव्हे. भारी काळ्या जमिनीत सोयाबीन किंवा कपाशी हे एकच पीक बांधापासून बांधापर्यंत घेणाऱ्या आमच्या सभासदांनी हा मुद्दा आपल्या जमाखर्चाशी ताडून पाहावा. सोडून द्या असे आमचे म्हणणे नाही. दहा एकरांतील दोन एकर तरी अशा पिकाला द्यावे की, उरलेल्या आठ एकरांवरील आपला तर्क चुकला तर घर उभे राहील.

पेरणीचेही तसेच. तारखेऐवजी ओल पाहावी, पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन वीतभर भिजल्यावाचून घाई करू नये, हा जो सल्ला कृषी विभाग व कृषी विद्यापीठे देतात, त्यात तारखेचा उल्लेख नाही हेच त्याचे बळ. २०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी व मुंबईस २६ मे रोजीच आला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. पाऊस लवकर आला म्हणून कित्येकांनी तिफणी बाहेर काढल्या. पुढे त्याची वाटचाल जवळजवळ पंधरा दिवस थबकली. त्याच वर्षी सप्टेंबरात, ज्या मराठवाड्याने २०१६ च्या एप्रिलात लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेले पाहिले होते, त्याच मराठवाड्यात व सीना नदीच्या काठी पुराने उभी पिकेच काय, शेतांतील मातीही वाहून नेली. त्या प्रांतातील माणूस पिढ्यानपिढ्या कोरडेपणाची तयारी करीत आलेला. न कळणे म्हणजे फक्त कमी पावसाचे भय नव्हे, हे त्या साली सर्वांच्या प्रत्ययास आले.

विम्याविषयी थोडेसे. पाऊस मोजून त्यावर भरपाई द्यावी ही कल्पना म्हैसूर संस्थानातील चक्रवर्ती यांनी १९२० सालीच ग्रंथरूपाने मांडली होती. ती उत्तम आहे, विमा घ्यावा. परंतु पाऊस मोजला जातो तो महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि ढग ओढ्याच्या अलीकडे पडून पलीकडे कोरडे ठेवतो. तेव्हा विमा घेऊनही थोडे न कळणे शिल्लक राहतेच.

एक भेद मात्र येथे कटाक्षाने केला पाहिजे, नाही तर आमच्या लिहिण्याचा भलताच अर्थ काढला जाईल. आकाशाची अनिश्चितता स्वीकारावी. कचेरीची स्वीकारू नये. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात अकस्मात बंद झाली व ४ मे २०२४ रोजी ती खुली झाली. ज्याने ऑगस्टात रोपे टाकली त्याला डिसेंबरात काय होणार हे कळत नव्हते, परंतु हे न कळणे निसर्गाने निर्माण केलेले नव्हते. ते माणसांनी निर्माण केले व माणसांनाच दूर करता येते. निर्यात, आयात व साठ्याची मर्यादा यांविषयीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि पीक बाजारात येईपर्यंत बदलू नये, ही मागणी शेतकऱ्याने सोडता कामा नये. शेती हा नशिबाचा खेळ आहे असे व्यासपीठावरून सांगणारे लोक बहुधा या दुसऱ्या अनिश्चिततेस पहिलीच्या पांघरुणाखाली झाकीत असतात, असा आमचा अनुभव आहे.

असो. तारखेच्या ऐवजी आम्ही जे देऊ शकतो ते येणेप्रमाणे. पुढील अंकापासून आश्विनापर्यंत एक सदर चालेल. त्यात पाऊस वेळेवर आला तर काय पेरावे, जुलैच्या मध्यापर्यंत लांबला तर मूग-उडीद सोडून तूर, एरंडी, हुलगा यांकडे केव्हा वळावे, आणि पेरणीनंतर उघडीप पडली तर कोळपणी व संरक्षक पाणी यांची व्यवस्था कशी ठेवावी, अशा तिन्ही प्रसंगांची तयारी शेजारी-शेजारी छापली जाईल. हवामान खाते दर मंगळवारी व शुक्रवारी कृषिसल्ला आणि दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज प्रसिद्ध करते. ते कसे वाचावे, त्यातील ‘संभव’ या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, हेही त्यात येईल. सभासदांनी आपल्या शेतावर एक साधे पर्जन्यमापक बसवून १ जूनपासून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजावा, त्या दिवशी काय पेरले किंवा पेरले नाही व का, एवढे दोन ओळींत लिहून ठेवावे, आणि महिन्याचा कागद पुढील महिन्याच्या ५ तारखेच्या आत कचेरीकडे पाठवावा. ‘का’ हा रकाना रिकामा ठेवू नये. पीक कसेही येवो, तो कागद आम्ही जसाच्या तसा छापू.